दाराशी बसलेले गृहस्थ

माणूस आजारी असतो तोवर लोक त्याला शहाळी आणून देतात. बरा झाला की मात्र त्याने लोकांच्या डोळ्यांना सोसेल असंच बरं व्हावं लागतं. तानाजी तसा बरा झाला नव्हता, आणि टिटवाळ्याच्या त्याच्या बिल्डिंगपासून कल्याणच्या रिक्षास्टँडपर्यंत कुणीही त्याला हे माफ केलेलं नव्हतं.

दुसऱ्या लाटेत त्याचे दाजी, म्हणजे डोंबिवलीत राहणाऱ्या बहिणीचा, शेवंतीचा नवरा, तापाने फणफणले. ॲम्ब्युलन्स मिळेना. तानाजीने त्यांना आपल्या रिक्षात घातलं आणि डोंबिवली, कल्याण, ठाणे असे दवाखाने पालथे घातले. दाजी गेले. मग तानाजीला ताप आला. त्यातून तो उठला, पण पाठोपाठ ती काळी बुरशी आली आणि उजवीकडचा वरचा जबडा, टाळू, गालाचं हाड असं सगळं खाऊन गेली. डॉक्टरांनी सडलेलं काढून टाकलं. पुढे वर्षभराने त्याच्याच पायाचं हाड आणि पोटरीचं कातडं घेऊन त्याला नवा गाल करून दिला. मोठे डॉक्टर शिकाऊ पोरांना घेऊन त्याच्या खाटेभोवती उभे राहायचे आणि कौतुकाने म्हणायचे, "बघा, काय सुंदर बसलंय." तानाजीच्या चेहऱ्याबद्दल सुंदर हा शब्द त्यानंतर कुणी वापरला नाही.

डॉक्टर खोटं बोलत नव्हते. जिथे भोक होतं तिथे आता गाल होता, तानाजी गिळू शकत होता, डोळा वाचला होता. पण गाल पोटरीच्या रंगाचा होता आणि हसताना हलत नव्हता. डोळ्याची खालची पापणी उतरली होती, त्यामुळे त्यातून सारखं पाणी यायचं. वरचा ओठ एका बाजूला आखडला होता. ओठ मिटत नसल्यामुळे प, ब, म ही अक्षरं नुसती हवा होऊन बाहेर पडायची. सवयीच्या माणसाला त्याचं बोलणं सगळं कळायचं, पण सवय करून घ्यायची हौस कुणाला असते? सुरुवातीला तोच गंमत करायचा. "आता मला कोणी थोबाडीत मारली तर ती लाथेवरच बसणार, हाड पायाचंच आहे ना." लोक हसायच्या ऐवजी घड्याळाकडे बघायचे, तेव्हा त्याने गंमत करणं सोडून दिलं.

रिक्षाच्या धंद्याचं एक बरं असतं, गिऱ्हाइकाला आपली पाठ दिसते. पण कल्याण-डोंबिवलीत शेअर रिक्षात मागे तीन आणि चौथा ड्रायव्हरच्या शेजारी, अर्ध्या ढुंगणावर. कायद्यात ती सीट नाही, पण ती भरल्याशिवाय रिक्षा हलत नाही. स्टँडवरचा पोऱ्या "चला एक सीट, एक सीट" म्हणून ओरडायचा. चौथा घाईघाईने यायचा, तानाजीकडे बघायचा, खिशात काहीतरी विसरल्यासारखा हात घालायचा आणि म्हणायचा, "तुम्ही व्हा पुढे." मग मागचे तिघं करवादायचे. शेवटी तानाजी तिघांवरच गाडी काढायचा. आरसाही त्याने वर छताकडे फिरवून ठेवला होता.

आणि या चेहऱ्याचं कारण विचारायची तसदी कुणी घेतली नाही, कारण कारण सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. गुटखा. तानाजीने जन्मात सुपारीचं खांडही तोंडात टाकलेलं नव्हतं. पण शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्यांचा हा मुलूख आहे. एकदा सिग्नलला एका हवालदाराने त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "आधी तोंडातला तोबरा थुंक, मग बोल माझ्याशी." तानाजीने तोंड उघडून दाखवलं. हवालदार दोन पावलं मागे सरला आणि "जा, जा" म्हणाला. दुसऱ्या एका बाईने उतरताना आपल्या मुलाची हनुवटी धरून त्याचं तोंड तानाजीकडे वळवलं. "बघून ठेव. बाबांनी नाही सोडलं तर हे असं होणार." मुलगा रडायला लागला. आईचं काम झालं, तिने सुट्टे पैसे दिले आणि आभारसुद्धा मानले.

तानाजीचं लग्न राहूनच गेलेलं. माया करायला एकच माणूस होतं, शेवंतीची मुलगी संचिता. ती लहान असताना तिची जागा ठरलेली होती, मामाच्या शेजारची चौथी सीट. मागे गिऱ्हाइकं असली तरी ही पुढे बसून हॉर्न वाजवणार. "माझ्या लग्नात मी याच रिक्षातून जाणार," ती म्हणायची. "आणि तूच मला नेऊन उभी करणार स्टेजवर. मामाच नेतो ना?" मामाच नेतो. गुरुजी पुकारतात, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं, आणि मामा भाचीचा हात धरून तिला बोहल्यावर आणतो, मंगलाष्टकं होईस्तोवर तिच्या पाठीशी उभा राहतो. जगाने तानाजीकडून पुष्कळ काढून घेतलं होतं, पण हे काढून घेता येईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

संचिताचं जमलं. ठाण्यातलं जुनं, शिकलेलं घर. मुलगा सलिल तिच्याच ऑफिसातला. आई मेघना कॉलेजात शिकवायची, आजी सुमतीबाई बोलायला गोड आणि मानपानाला कडक. शेवंती तर हरखून गेली. आपण गावाकडची माणसं, ते असले लोक, काही चुकायला नको म्हणून तिने साखरपुड्याला स्वतःच्या साडीपेक्षा खुर्च्यांच्या कव्हरांची काळजी जास्त केली.

साखरपुडा डोंबिवलीतल्या एका छोट्या हॉलमध्ये झाला. तानाजी दाराशी खुर्ची घेऊन बसला होता, मास्क लावून. मास्क लावला की तो चारचौघांसारखा दिसायचा. साथ संपून लोकांनी मास्क टाकून दिले तरी त्याने तो सोडला नव्हता. मुलाकडची मंडळी मुलीच्या मामाला शाल-श्रीफळ देणार हे त्याला ठाऊक होतं. कपाळाला कुंकू लावायचं, पेढा भरवायचा, तोंड झाकून कसं चालेल? असा विचार करून त्याने मास्क काढला, नीट घडी घातली आणि खिशात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच तो मान घ्यायला बसला होता.

सुमतीबाई तबक घेऊन उभ्या राहिल्या. "मुलीचे मामा कुठे आहेत?"

तानाजी उठला. त्याच वेळी स्टेजजवळ संदेश सरबताचे ग्लास फिरवत होता. संदेश शेवंतीच्या सोसायटीचा सेक्रेटरी, कुणाचंही कार्य असो, हा नवरीच्या बापापेक्षा जास्त धावतो. कडक इस्त्रीचा झब्बा, भरघोस मिशा, तानाजीच्याच उंचीचा आणि अंगाचा. मामा असावा तर असा. मुलाच्या काकाने त्याच्या हातातला ट्रे काढून घेतला, त्याला खुर्चीवर बसवलं, सुमतीबाईंनी कपाळाला कुंकू लावलं आणि खांद्यावर शाल टाकली.

"अहो, मी..." संदेश म्हणाला आणि त्याने शेवंतीकडे पाहिलं.

शेवंतीने तबकातल्या नारळाकडे पाहिलं. नारळात बघण्यासारखं काही नव्हतं.

तानाजी हॉलच्या मध्यापर्यंत आला होता. 'मी मामा' म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण ते दोन्ही शब्द ओठांचे. तोंडातून नुसता श्वास निघाला. टाळ्या वाजल्या. तो परत दाराशी जाऊन बसला. थोड्या वेळाने सुमतीबाईंनी हळू आवाजात विचारलेलं त्याला ऐकू आलं, "ते दाराशी बसलेले गृहस्थ कोण?" आणि शेवंतीने दिलेलं उत्तरही ऐकू आलं. "ते होय? गावाकडचे आहेत आमच्या."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, अशी म्हण आहे. तानाजीकडे दोन्ही अर्धेच उरले होते, तरी लागायचं ते लागलंच.

आठवड्याने शेवंती टिटवाळ्याला आली. डब्यात बेसनाचे लाडू होते, मऊ, त्याला चावावे लागू नयेत असे. तानाजीने डबा उघडला नाही.

"दादा, चूक झाली माझी," ती म्हणाली. "तेव्हा तोंडातून शब्दच नाही फुटला."

"शब्द फुटत नाही तो माझा. तुझा चांगला फुटला. गावाकडचे म्हणून."

शेवंती रडली. रडून झाल्यावर मुद्द्यावर आली. सलिलच्या आईचा फोन आला होता. मेघनाताई फार चांगल्या, शिकलेल्या. त्या म्हणाल्या, गैरसमज करून घेऊ नका, पण ते दाराशी बसलेले गृहस्थ लग्नात पुढेपुढे नसतील ना? व्हिडिओवाला मोठा सांगितलाय. शिवाय आमच्या मोठ्या सुनेला दिवस गेलेत. आमचा असल्या गोष्टींवर अजिबात विश्वास नाही, पण उगाच कशाला? आणि त्यांना कॅन्सर होता का हो? तुमच्या जवळच्या नात्यातले नाहीत ना?

"तू काय सांगितलंस?"

"नाही म्हटलं." शेवंतीने पदराने नाक पुसलं. "आता मी कुठल्या तोंडाने सांगू, की तेच माझे सख्खे भाऊ म्हणून? म्हणतील आम्हाला फसवलं. आज हे लपवलं, उद्या काय लपवतील. सोयरीक मोडेल, दादा. त्यांच्याकडे साखरपुड्याच्या व्हिडिओत संदेशभाऊच मामा आहेत. तर लग्नातही तेच राहू दे ना. एक दिवसाचा तर प्रश्न आहे. तू हॉलमध्ये असशीलच. जेवायला असशीलच."

"मी एकच गोष्ट मागितलेली तुझ्याकडे, इतक्या वर्षांत," तानाजी म्हणाला. "दाजींना घेऊन फिरलेलो तेव्हा नाही काही मागितलं."

"ते काढू नकोस."

"नाही काढत. संचिताला माहितीये हे?"

"तिला नको सांगूस काही. ती रडेल."

तानाजीला एवढंच हवं होतं. पोरीला ठाऊक नाही. पोरीच्या मनात अजून मामाच आहे. शेवंती निघताना त्याच्या पाया पडली, आणि त्याने पाय मागे घेतला नाही, म्हणून तिने ते हो समजलं. तानाजीने ते तसं म्हटलं नव्हतं. आपल्याकडे गप्प बसणाऱ्याचं उत्तर नेहमी दुसराच कुणीतरी लिहितो.

लग्न कोपरीतल्या एका हॉलमध्ये होतं. तानाजीने आदल्या संध्याकाळी रिक्षा धुतली, सकाळी तिला झेंडूच्या माळा लावल्या, चौथ्या सीटवर नवं कापड घातलं. नवा पांढरा शर्ट घातला. दाढी केली, म्हणजे डाव्या गालाची केली. उजव्यावर येतात ते पायाचे केस, तेही काढले. मास्क घेतलाच नाही. लग्न ठरलं तेव्हाच त्याने ठरवलं होतं, त्या दिवशी ज्याला बघायचंय त्याने बघावं, ज्याला नाही त्याने आपल्या ताटात बघावं.

हॉलच्या गेटवर वॉचमनने फुलं पाहून हात केला. "फुलवाला? मागच्या गेटने घे. इधर नहीं."

"मी मुलीचा मामा," तानाजी म्हणाला.

"हां, हां, मागच्या गेटने," वॉचमन म्हणाला. त्याला एक अक्षरही कळलं नव्हतं, आणि त्याचं काही अडलंही नव्हतं.

सजवलेली रिक्षा केटररच्या गॅस सिलिंडरांशेजारी उभी राहिली. मागच्या जिन्याने तानाजी वर आला. पॅसेजमध्ये मेघनाताई मोठ्या सुनेला घेऊन येत होत्या. त्याला पाहताच त्यांनी सुनेच्या डोळ्यांवर आपला तळहात ठेवला, अगदी सहज, ऊन लागू नये म्हणून धरावा तसा, आणि तिला भिंतीच्या बाजूने पुढे काढलं. वर त्याच्याकडे बघून थोडं हसल्याही. शिकलेली माणसं हसायला चुकत नाहीत. तानाजीच्या अंगाचा तिळपापड झाला. असं वाटलं की त्या बाईच्या पुढ्यात जाऊन उभं राहावं आणि म्हणावं, बघ, नीट बघ, माणसासाठी धावणाऱ्याचं तोंड असं होतं. पण त्याला भांडायचं नव्हतं, त्याला त्याची जागा हवी होती.

हॉलमध्ये संदेश गुलाबी फेटा बांधून मिरवत होता. तानाजीला पाहिल्यावर त्याचा चेहरा पडला. माणूस वाईट नव्हता. नुसता पुढे पुढे करणारा होता, आणि पुढे पुढे करणाऱ्याला कधीतरी दुसऱ्याच्या जागेवर जाऊन उभं राहावंच लागतं.

"तानाजीशेठ, आई शप्पथ, मी नाही म्हणत होतो. वहिनी बोलल्या म्हणून..."

"फेटा दे," तानाजी म्हणाला.

संदेशने मुकाट्याने फेटा उतरवला आणि स्वतःच तानाजीच्या डोक्यावर ठेवून दिला. सुटल्यासारखा निःश्वास टाकून तो थेट जेवणाच्या हॉलकडे गेला. पहिली पंगत बसत होती.

तेवढ्यात शेवंती धावत आली. "दादा, तू कबूल केलेलंस."

"तू बोललीस. मी ऐकलेलं."

"हात जोडते तुझ्यापुढे. सगळे बघतायत."

"बघू देत."

शेवंती काही बोलणार तोच माईकवरून गुरुजींचा आवाज आला. मुहूर्त जवळ आला आहे, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. तानाजीने बहिणीला हाताने बाजूला केलं. आयुष्यात पहिल्यांदाच केलं. आणि तो मुलीच्या खोलीकडे चालू लागला. पायातलं एक हाड गालात असल्याने तो जरा लंगडायचा, पण त्या दिवशी त्याची चाल कुणाही मामासारखी होती.

संचिता दाराशीच उभी होती. हिरवा शालू, मुंडावळ्या, हातभर चुडा. तिची मैत्रीण योगिनी तिच्या निऱ्या सारख्या करत होती. मामाला पाहून संचिताचे डोळे भरले.

"आलास? मला माहितीच होतं तू येणार. आई म्हणत होती तू मला न्यायला नाही येणार, मी म्हटलं येणारच." तिने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. तिच्या मेंदीचा वास आला. तानाजीला वाटलं, झालं, आता कुणी काही म्हणो. वर्षभर दवाखान्यात नळीने पेज घेतली ती याच्यासाठी घेतली.

"चल," तो म्हणाला.

"थांब ना एक मिनिट." संचिताने योगिनीकडे हात केला. योगिनीने एक छोटी रेशमी पिशवी दिली. संचिताने त्यातून काहीतरी काढलं आणि लाजून, लहानपणी चित्र काढून दाखवायची तसं, मामाच्या हातावर ठेवलं.

मास्क होता. हिरव्या शालूच्या कापडाचा, जरीच्या काठाचा, आतून मऊ मलमलचं अस्तर. कडेने बारीक मोती.

"माझ्या शालूच्याच ब्लाउजपीसमधून शिवून घेतलाय, तुझ्यासाठी खास," ती म्हणाली. "आई तर तू स्टेजवरच नको म्हणत होती. मी इतकी भांडले. मी म्हटलं, मामाच नेणार मला, संदेशकाका नाही. मग सलिलनेच आयडिया काढली, आईला अजून सांगितलेलं नाही. कोणाला काही वाटणारही नाही, उलट मस्त मॅचिंग दिसेल. फोटोपुरता, मामा. घालशील ना?"

म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं. फोन, व्हिडिओ, संदेश, सगळं. ही रडणार नव्हती. हिने बसून विचार केला होता, कापड निवडलं होतं, शिंप्याला माप सांगितलं होतं. शेवंतीवर रागावता येत होतं, मेघनाताईंवर येत होतं, हवालदारावर तर मनसोक्त येत होतं. या पोरीने रागावायला जागाच ठेवली नव्हती. ती त्याच्यासाठी सगळ्या घराशी भांडली होती, आणि भांडून तिने त्याच्यासाठी एवढं मिळवलं होतं. तिची माया खरी होती आणि तिला त्याच्या तोंडाची लाजही खरी होती. दोन्ही एकाच कापडातून बेतलेलं होतं.

माईकवरून गुरुजींनी पुन्हा पुकारा केला.

"घाल ना," संचिता म्हणाली. तिचा आवाज किंचित घाबरलेला होता. तो नाही म्हणाला तर काय करायचं, हेही तिने ठरवून ठेवलेलं असणार, आणि ते तानाजीला जाणून घ्यायचं नव्हतं.

त्याने मास्क घातला. संचिताने हात वर करून त्याच्या कानामागची नाडी नीट केली आणि फेटा जरा पुढे ओढला.

मग तो तिला घेऊन गेला. हॉलच्या मधल्या लाल गालिच्यावरून, फुलांच्या कमानीखालून, वर घोंघावणाऱ्या कॅमेऱ्याखालून. बायका म्हणाल्या, अय्या, मास्कपण मॅचिंग. कुणीतरी मोबाईल धरून त्याच्यापुढे उलटं चालत होतं. इतकी माणसं त्याच्याकडे हसून बघत होती, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. संचिताचा हात त्याच्या हातात घट्ट होता. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं सुरू झाली, तानाजी तिच्या पाठीशी उभा राहिला. डोळ्याचं पाणी आणि तोंडाची लाळ मलमलमध्ये मुरत गेली. जरीचा काठ बोचत होता, पण तो डाव्या, जन्मापासूनच्या गालाला. नव्या गालाला काही कळतच नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं, तिथे संवेदनेच्या शिरा जोडलेल्या नाहीत. त्या घटकेला तानाजीला वाटलं की सगळाच पायाच्या कातड्याचा असतो तर बरं झालं असतं.

अक्षता पडल्या. वाजंत्री वाजली. माळा घालून झाल्या, लोक स्टेजवर चढू लागले, आणि फोटोवाल्याने हाताने इशारा करून मामांना खाली उतरायला सांगितलं. पहिल्या रांगेत सुमतीबाई बसल्या होत्या. त्यांनी त्याचा हात धरून त्याला शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

"फार छान उभे होतात हो भाचीच्या पाठीशी," त्या म्हणाल्या. "अगदी मामा शोभलात. मास्कही बाई किती हौसेने केलाय. सर्दी झालीय का, संदेशराव?"

गुलाबी फेटा संदेशचा, उंची संदेशची, अंग संदेशचं. सुमतीबाईंनी दोघांनाही एकदाच पाहिलेलं, आणि तानाजीचं त्यांनी लक्षात ठेवलं होतं ते फक्त तोंड. ते झाकलं तर तानाजी उरतच नव्हता. मामाची जागा त्याने परत घेतली होती, भाचीला बोहल्यावर आणलं होतं, साऱ्या हॉलने ते पाहिलं होतं, आणि ते केलं होतं संदेशने. खरा संदेश पलीकडच्या हॉलात मठ्ठ्याची दुसरी वाटी मागत असेल.

सुमतीबाई पुढे वाकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक विचारू? साखरपुड्याला ते दाराशी बसले होते ना, तुमच्या गावाकडचे, तोंडाचं ऑपरेशन झालेले. ते नाही का आले आज?"

तानाजीचा हात कानामागच्या नाडीकडे गेला. एक ओढ, आणि सगळं उघड झालं असतं.

"माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही," सुमतीबाई म्हणत होत्या. "भोग असतात एकेकाचे. पण रात्रभर डोळ्यांसमोरून जाईना हो ते. शुभकार्यात अशांनी आपलं आपण समजून घ्यावं. दुसऱ्याने कशाला सांगायची वेळ आणावी?"

स्टेजवर संचिता सलिलच्या शेजारी उभी होती. तिने गर्दीतून मामाला शोधलं, स्वतःच्या गालाला बोट लावलं, मग अंगठा आणि तर्जनी जुळवून 'मस्त' अशी खूण केली. ती मनापासून हसत होती.

तानाजीने नाडीवरचा हात खाली घेतला.

"तर आले होते का ते?" सुमतीबाईंनी पुन्हा विचारलं.

"आलेले," तानाजी म्हणाला. "गेले."

या दोन शब्दांना ओठ मिटावे लागत नाहीत. ते अगदी स्वच्छ उमटले, आणि सुमतीबाईंनी समाधानाने मान डोलावली.